उभं राहून मोजलंय का?

मराठी सिनेमात सुनेला चक्कर आली की पुढचा प्रसंग ठरलेला असतो. घरातले धावत येतात, डॉक्टर मनगट धरतात, चष्मा सारखा करतात आणि सासूबाईंकडे बघून हसत हसत म्हणतात, ‘पेढे वाटा!’ प्रत्यक्षात बाईची चक्कर इतकी सुखाची नसते. नवं लग्न झालेलं असेल तर ‘गोड बातमी का गं?’, लग्न व्हायचं असेल तर ‘काही खातच नाही मेली’, चाळिशी उलटली असेल तर ‘पाळी जायची वेळ आली’ आणि साठी उलटली असेल तर ‘आता वयच झालं’. चक्कर तीच, उत्तरं तेवढी वयाप्रमाणे बदलतात. आणि एवढी उत्तरं घरातच मिळाल्यावर तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

बचत गटाच्या कामामुळे बरीच वर्षं गावोगावच्या बायकांशी माझं बोलणं होतं. आरोग्य शिबिरात ‘काय होतंय?’ असं विचारलं की पहिला शब्द बहुतेक वेळा ‘चक्कर’ हाच येतो. पण जरा निवांत बोलू दिलं की कळतं, या एका शब्दात दोन-तीन वेगळी दुखणी भरलेली असतात. एक म्हणते, ‘घर गरगर फिरतं, कूस बदलली तरी फिरतं.’ हे बऱ्याचदा कानाच्या आतल्या भागाचं दुखणं असतं. दुसरी म्हणते, ‘चालताना तोल जातो.’ आणि तिसरी म्हणते, ‘बसले की बरी असते, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात सूंऽऽ होतं, हातपाय गळतात.’ मैत्रिणींनो, आज मला या तिसरीबद्दल लिहायचं आहे. तिच्या दुखण्याचं निदान एका खाटेवर आणि एका बीपीच्या यंत्रावर निम्मं-अधिक होऊ शकतं, आणि तरीही ते वर्षानुवर्षं होत नाही.

आपण झोपलेले असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहिलो की त्यातलं साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. पाणी उताराला धावतं तसंच. मग दर वेळी उठल्यावर आपण पडत का नाही? कारण मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयाजवळ दाब ओळखणारे पहारेकरी बसलेले आहेत. दाब उतरला की ते मेंदूच्या तळाशी वर्दी देतात, तिथून नसांमार्फत हुकूम सुटतो, पायांतल्या नि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते, आणि डोक्याला रक्त पोचत राहतं. आपण पदर खोचेपर्यंत हे सगळं होऊनही जातं!

ही व्यवस्था जी सांभाळते तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. स्वायत्त म्हणजे आपल्याला न विचारता चालणारी. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, अन्न पुढे ढकलणं, लघवीची पिशवी, डोळ्यांची बाहुली लहानमोठी करणं ही सगळी तिची कामं. तिच्यात दोन लगाम आहेत, एक जोर वाढवणारा आणि दुसरा आवरणारा. मला तर ती आपल्या घरातल्या बाईसारखीच वाटते. तिचं काम चाललेलं असतं तोवर कुणाचं लक्ष नसतं, ती आजारी पडली की घरातलं एकही काम धड होत नाही. आणि बिघाड एकाच वेळी इतक्या ठिकाणी दिसतो की कुणाला वाटतं पोटाचं दुखणं आहे, कुणाला वाटतं हृदयाचं, तर कुणाला वाटतं मनाचं.

आमच्या गटातल्या एका काकूंचं सांगते. चौदा वर्षांचा मधुमेह. त्या पहाटे उठून न्हाणीकडे जाताना पडायच्या. पहिल्यांदा पडल्या तेव्हा घरच्यांनी ‘साखर उतरली असेल’ म्हणून तोंडात साखर घातली. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. दर महिन्याला त्यांचं बीपी मोजलं जायचं, अगदी न चुकता, पण खुर्चीवर बसवून. ते वाढलेलं दिसे, म्हणून गोळी वाढवली जाई. गोळी वाढली की पडणं वाढे. सून बिचारी रात्री त्यांच्या दाराशी अंथरूण टाकून झोपायला लागली.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांनी त्यांना खाटेवर पाच मिनिटं नुसतं आडवं ठेवलं. दाब भरला १५६/८८, नाडी ८८. मग उभं केलं. एका मिनिटाने वरचा आकडा ११८. तिसऱ्या मिनिटाला १०४/६४, आणि काकूंनी टेबलाची कड घट्ट धरलेली. नाडी मात्र फक्त ९२. एवढ्या वर्षांत कुणी न पाहिलेली गोष्ट पाच आणि तीन अशा आठ मिनिटांत कागदावर आली.

याचा नियम सोपा आहे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा आकडा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर ते नैसर्गिक नाही. पण डॉक्टर दाबाइतकेच नाडीकडेही बघत होते, आणि खरी मेख तिथेच आहे. जुलाब झाले, पाणी कमी पडलं, अंगावरून फार गेलं, म्हणून दाब उतरत असेल तर नाडी धावत सुटते, कारण हुकूम देणाऱ्या नसा शाबूत असतात. दाब एवढा कोसळतोय आणि नाडी जागची हलत नाही, तर संशय नसांवर जातो. वर्दी पोचतच नाही! बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्यांनीही नाडी दबून राहते, म्हणून डॉक्टरांनी आधी काकूंच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून घेतली होती.

स्वायत्त नसांना इजा करणाऱ्या दुखण्यांत मधुमेह सगळ्यात पुढे आहे. पायांना मुंग्या येतात हे आता बऱ्याच जणींना माहीत झालंय. पण त्याच साखरेने आतल्या नसाही झिजतात हे सहसा कुणी सांगत नाही. दोन घास खाल्ले की पोट गच्च भरणं, रात्री-अपरात्री जुलाब, जेवताना फक्त तोंडा-मानेवर घाम फुटणं आणि पाय मात्र कोरडे ठक्क, लघवी पूर्ण न होणं, बसल्याजागी नाडी शंभराच्या घरात असणं... या सगळ्यांचं मूळ एकच असू शकतं. साखर उतरताना थरथर, घाम, धडधड या ज्या खुणा होतात त्याही पुसट होतात. हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येत नाही, नुसताच दम लागतो नाहीतर मळमळतं. म्हणून मोठ्या वयातल्या नेहमीच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात या नसांची चौकशी निदान झाल्यापासूनच करावी असं तज्ज्ञ सांगतात. आपल्या बायका यातलं निम्मं बोलत नाहीत. जुलाब आणि लघवीचं पुरुष डॉक्टरसमोर कसं बोलायचं? सोबत मुलगा असेल तर मग संपलंच.

या नसांच्या तपासण्या फार महागड्या यंत्रांच्या आहेत असंही नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे डॉ. डेव्हिड युइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते ८० च्या दशकांत मधुमेहींसाठी पाच साध्या चाचण्यांचा संच बसवला. तो आजही वापरात आहे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली चाचणी श्वासाची. ईसीजीचं यंत्र लावायचं आणि मिनिटाला सहा, म्हणजे पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, असे संथ श्वास घ्यायचे. निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना उतरते. हा फरक १५ ठोक्यांचा किंवा जास्त असेल तर छान, १० च्या आत आला तर आवरणारा लगाम सैल झाला असं समजतात. वयाप्रमाणे हा फरक कमी होतो, म्हणून आकडा डॉक्टरांनीच वाचायचा. बाकीच्या चाचण्यांत नळीत जोराने फुंकर मारून धरायची, मूठ आवळून धरायची, आडवं असताना उठून उभं राहायचं. ईसीजी तर आता तालुक्याच्या दवाखान्यातही निघतो.

काकूंच्या गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांनी बदलल्या. (हे वाचून कुणी आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका. अशा रुग्णांचा दाब आडवं असताना उलट वाढलेला असतो, ती दोरीवरची कसरत डॉक्टरांनाच करू दे.) खाटेचं डोक्याकडचं अंग विटा लावून उंच केलं. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, उठण्याआधी दोन पेले पाणी प्यायचं, पोटाला पट्टा बांधायचा. रात्रीसाठी खाटेजवळ भांडं ठेवलं. नसा काही बऱ्या झाल्या नाहीत, पण काकू त्यानंतर पडल्या नाहीत आणि सून तिच्या खोलीत झोपते.

दाब उतरवणारी कारणं आणखीही आहेत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं. पार्किन्सनच्या आजारातही स्वायत्त नसा जातात, हात थरथरायच्या कितीतरी आधी बद्धकोष्ठ सुरू झालेलं असतं. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याला आपण ‘पाय घसरला’ म्हणतो. कधी कधी पाय घसरलेला नसतो, आधी शुद्ध हरपलेली असते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त अस्वस्थ करते. एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजात हुशार. मोठा ताप येऊन गेला आणि त्यानंतर तिला उभं राहवेना. प्रार्थनेला, बसच्या रांगेत, पोळ्या लाटताना छातीत धडधडायचं, डोकं धुक्यात गेल्यासारखं व्हायचं, गार घाम यायचा. आडवी झाली की अर्ध्या तासात ठीक. मग काय, ‘कामाच्या वेळीच बरं होतं हिला!’ दृष्ट काढून झाली, गंडा बांधून झाला, ताकदीच्या इंजेक्शनांचा कोर्स झाला. एका दवाखान्यात बसल्या बसल्या बीपी मोजून ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेते, लग्न लावून द्या’ असा सल्ला मिळाला. लग्न हे आपल्याकडे किती आजारांवरचं औषध आहे कोण जाणे! दोन वर्षं अशी गेली. कॉलेज सुटलं.

तिचं निदान झालं तेही घड्याळ लावूनच. आडवं असताना नाडी ७६. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि दर मिनिटाला नाडी व दाब लिहायचा. दाब फारसा हलला नाही. नाडी मात्र चढत गेली, १०४, ११६, दहाव्या मिनिटाला १२८. पायाची बोटं जांभळट झाली. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी (बारा ते एकोणीस वयात ४० ठोक्यांनी) वाढून तशीच राहते, दाब मात्र कोसळत नाही, त्रास तीन महिन्यांहून जास्त आहे आणि दुसरं कारण सापडत नाही, तर त्या दुखण्याला ‘पॉट्स’ म्हणतात. हे आजाराच्या लांबलचक इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचं छोटं रूप.

यातलं ‘दुसरं कारण सापडत नाही’ हे फार महत्त्वाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल, थायरॉईड वाढलं असेल, पाळीत फार जात असेल, तरी उभं राहिल्यावर नाडी धावते. आपली व्रतं आहेतच. निर्जळी हरितालिकेच्या दुसऱ्या दिवशी कुणाचीही नाडी मोजली तर ती पळतानाच दिसेल. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ईसीजी. त्यातून उत्तर मिळालं तर उत्तमच, उपचार सोपा असतो.

या दुखण्याचा इतिहास वाचला आणि मला हसू आलं, रागही आला. अमेरिकेत यादवी युद्धात सैनिक छातीत धडधड, दम आणि चक्कर यांनी लढाईला निकामी होत होते. फिलाडेल्फियाच्या डॉ. जेकब डा कोस्टा यांनी अशा सैनिकांना तपासून १८७१ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्या आजाराला पुढे ‘सैनिकाचं हृदय’ असं भारदस्त नाव पडलं. आजच्या पॉट्सशी त्या वर्णनाचं पुष्कळ साम्य आहे. पॉट्स हे नाव रूढ झालं ते १९९३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी केलेल्या वर्णनानंतर, आणि रुग्ण बहुतांश तरुण बायका आहेत असं दिसलं. पुरुषाला झालं तेव्हा सैनिकाचं हृदय आणि बाईला झालं की नाटकं! अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्ण संघटनेच्या मदतीने ४,८०० हून अधिक रुग्णांची माहिती गोळा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या निम्म्या रुग्णांना निदानासाठी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागलं होतं. म्हणजे दिरंगाई फक्त आपल्या तालुक्यातली नाही. २०२० नंतर कोविड होऊन गेलेल्या अनेकांत हे दुखणं दिसू लागलं, तेव्हा कुठे डॉक्टरमंडळींत त्याची चर्चा वाढली.

मग टेन्शन नसतंच का? असतं. आणि ज्या मुलीला दोन वर्षं कुणी खरं मानलं नाही तिला ते न आलं तरच नवल. पण भीतीची धडधड आडवं पडलं म्हणून थांबतेच असं नाही, रात्री अंथरुणातही येते. नुसतं उभं राहिल्याने येणारी आणि झोपल्यावर निवणारी धडधड वेगळी. म्हणून त्रास कुठल्या स्थितीत होतो हे नीट सांगायचं. ‘सारखंच होतं हो’ असं म्हणून सोडून द्यायचं नाही.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, किंवा वारंवार शुद्ध हरपत असेल, तर मोठ्या शहरात टिल्ट टेबल तपासणी होते. पट्टे बांधून फळीवर झोपवतात, फळी ६० ते ७० अंशांत उभी करतात आणि बराच वेळ दाब नि ईसीजी बघत राहतात. १९८६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा न उलगडणाऱ्या बेशुद्धीसाठी ती वापरून दाखवली, तेव्हापासून ती रुळली. पट्टे बघून मुली घाबरतात, पण त्यात टोचणं-कापणं सहसा नसतं. चक्कर तिथे आली तर तेच हवं असतं, आणि फळी लगेच आडवी करतात.

रक्त बघून, उन्हात उभं राहून किंवा लग्नाच्या गर्दीत एखादीला येणारी साधी भोवळही याच नसांची. ती बहुधा निरुपद्रवी. अशा वेळी कांदा-चप्पल हुंगवत, चारचौघींनी धरून तिला खुर्चीत बसतं करू नका. खाली झोपवा, पाय वर करा, गर्दी हटवा, शुद्ध येईतो तोंडात पाणी घालू नका. पण धावताना किंवा काम करता करता शुद्ध गेली, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर चाचण्यांच्या गप्पा न करता त्याच दिवशी ईसीजी काढायचा.

जाता जाता आपल्या भागासाठी एक. स्वायत्त नसा घामही आणतात, म्हणून घाम हीसुद्धा तपासणी होऊ शकते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात त्वचेतल्या नसा मरतात. शेतात निंदताना सगळं अंग घामाने निथळतंय आणि तेवढा फिकट चट्टा कोरडा, स्पर्शही कळत नाही, असं असेल तर आशाताईला दाखवा. २००५ च्या अखेरीला देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं सरकारने जाहीर केलं असलं तरी नवे रुग्ण आजही सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

घरी डिजिटल यंत्र असेल तर ही आडवी-उभी मोजणी सकाळी, कुणाला तरी शेजारी उभं करून करता येते. पाच मिनिटं आडवं, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. धडधड असेल तर दहा मिनिटं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच झोपायचं, दहा मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. आकडे, वेळ, चालू गोळ्यांची नावं आणि पाळीची तारीख एका कागदावर लिहायची आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा. निदान ते करतील.

ती मुलगी आता पाणी आणि मीठ डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं जास्त घेते, पायांत घट्ट मोजे घालते, उभ्याने न करता येणारा व्यायाम झोपून करते. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटते. तिची आई सांगत होती की मुलगी बरी व्हायला वेळ लागतोय, पण ‘नाटकं’ हा शब्द घरात बंद झाला तो त्या चिठ्ठीच्या दिवशीच.

आमच्या शिबिरात आता टेबल-खुर्चीशेजारी एक खाट असते, साडीचा आडोसा केलेली. पाच मिनिटं आडवं व्हा म्हटलं की बायका लाजतात. ‘दिवसाढवळ्या कसं निजायचं, बाई?’ मागच्या खेपेला एक आजी तर निजल्या आणि घोरायलाच लागल्या. नर्सताईंनी हळूच दाब भरला, वरचा आकडा १६२. उठवून उभं केलं, तिसऱ्या मिनिटाला १२६. आजी म्हणाल्या, ‘हे असंच होतं गं, देवापुढून उठताना.’ जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली, त्यात दोन्ही आकडे घातले आणि दुसऱ्यापुढे ठळक अक्षरांत ‘उभं राहून’ असं लिहून दिलं.